आरबीआयडेटा ॲप: इंटरनॅशनल मॅक्रोफायनान्सवाल्यांसाठी फुकटातला खजिना, गावात बसून वापरणाऱ्या मुलीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये आरबीआयडेटा नावाचं मोबाईल ॲप काढलं, अँड्रॉइडवर पण आहे आणि आयफोनवर पण, पैसे लागत नाहीत. अर्थव्यवस्थेच्या 11 हजारांपेक्षा जास्त सिरीज (एकाच गोष्टीचे तारखेवार आकडे) आहेत त्यात, म्हणजे रेपो रेट, डॉलरचा भाव, परकीय चलनाचा साठा, बँकांचं कर्जवाटप, महागाई, सगळं. आधी हेच सगळं रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसच्या वेबसाईटवर होतं, अजूनही आहे आणि ॲपमधून तिकडं जायची लिंक पण आहे, पण आमच्याकडं लॅपटॉप किती घरात असतो, मोबाईल मात्र प्रत्येकाजवळ आहे, म्हणून ॲपचा रिव्ह्यू.

मी हिंगणघाट तालुक्यातली. एमए इकॉनॉमिक्स नागपूर विद्यापीठातून झालं आणि सध्या गावात राहून रिझर्व्ह बँकेच्या डीईपीआरची तयारी करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीईपीआर म्हणजे डिपार्टमेंट ऑफ इकॉनॉमिक अँड पॉलिसी रिसर्च. ग्रेड बी ऑफिसरची भरती निघते त्यात जनरलवाल्या जागा वेगळ्या आणि या रिसर्चवाल्या वेगळ्या. जागा फार थोड्या असतात, 2024 च्या जाहिरातीत जनरलच्या 66 होत्या आणि डीईपीआरच्या 21, अख्ख्या देशासाठी. गावात कोणाला सांगितलं की बँकेची तयारी करते तर लोकांना वाटते काउंटरवर बसायची नोकरी, आणि त्यांचं काही चुकत नाही, बँक म्हटली की आपल्याकडं पीककर्जाची लाईनच डोळ्यासमोर येते. पण मध्यवर्ती बँकेत एक अख्खी जमात अशी असते की जी कोणाचं खातं उघडत नाही की कर्ज देत नाही. अमेरिकेत व्याज वाढलं तर इथला रुपया किती हलेल, बाहेरचा पैसा शेअर बाजारातून किती निघून जाईल, साठ्यातले डॉलर विकायचे की थांबायचं, याचा अभ्यास करून वरच्यांसमोर ठेवणं हे त्यांचं काम. यातला जो भाग देशाबाहेरच्या पैशाशी जोडलेला आहे त्याला म्हणतात इंटरनॅशनल मॅक्रोफायनान्स, आणि मला तेच करायचं आहे.

तर या अभ्यासासाठी ॲप कसं आहे ते एका उदाहरणावर सांगते, नुसतं चांगलं आहे चांगलं आहे म्हणून काही कळत नाही.

सर्चमध्ये जायचं आणि फॉरेक्स रिझर्व्हची, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्याची साप्ताहिक सिरीज शोधायची. हा आकडा रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी संध्याकाळी देते. ग्राफ काढला की 2021 चा सप्टेंबर आणि 2022 चा ऑक्टोबर यांच्यामध्ये मोठा उतार दिसतो, 642 अब्ज डॉलरवरून जवळपास 525 अब्जांवर. टीव्हीवर त्या वेळी सगळे ओरडत होते की रुपया वाचवायला रिझर्व्ह बँकेनं डॉलर फुंकून टाकले. आता इथं थांबून जरा नीट पाहायचं. साठ्याचे चार भाग असतात, परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एसडीआर (नाणेनिधीनं सभासद देशांना दिलेली राखीव मालमत्ता) आणि नाणेनिधीत ठेवलेला आपला राखीव हिस्सा. यातला पहिला भाग सगळ्यात मोठा, आणि त्यात नुसते डॉलर नसतात, युरो, पौंड, येन पण असतात, पण मोजमाप डॉलरमध्ये होते. 2022 मध्ये डॉलर सगळ्या जगासमोर इतका चढला की युरो डॉलरच्या खाली गेला, म्हणजे आपल्याकडचे युरो तेवढेच राहिले तरी डॉलरमध्ये मोजताना कमी दिसले. वरून अमेरिकेत व्याज वाढलं की जुन्या बॉन्डची (कर्जरोख्यांची) किंमत पडते, आपला साठा बऱ्यापैकी अशा बॉन्डमध्येच ठेवलेला असतो, तिथं पण आकडा खाली. सप्टेंबर 2022 च्या शेवटी तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी स्वतः सांगितलं होतं की एप्रिलपासून साठा 606.5 अब्जांवरून 537.5 अब्जांवर आला त्यातली 67 टक्के घट ही नुसत्या मूल्यांकनामुळं आहे.

म्हणजे तीन हिश्श्यातले दोन हिस्से डॉलर कोणी विकलेच नव्हते! मग खरंच किती विकले? तर त्याची वेगळी सिरीज असते, रिझर्व्ह बँकेनं महिन्यात किती डॉलर घेतले किती विकले, ती मासिक बुलेटिनमध्ये येते, साधारण दोन महिने उशिरा. ती आणि साठ्याची सिरीज डाउनलोड करून शेजारी शेजारी लावली की टीव्हीवरची बातमी आणि खरी गोष्ट यातलं अंतर आपल्याला आपल्या हातानं मोजता येते. मी जेव्हा हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मला खरंच असं वाटलं की हेच काम मला जन्मभर करायचं आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, युनिट आधी वाचा. साठा रुपयात पण मिळतो आणि डॉलरमध्ये पण, एक कोटी रुपयांत आणि दुसरा दशलक्ष डॉलरमध्ये. रुपया पडला की रुपयातला साठा फुगलेला दिसते आणि डॉलरमधला तसाच राहते. दोन्ही ग्राफ वेगळीच गोष्ट सांगतात. ॲपमध्ये युनिट, किती दिवसांनी अपडेट होते, आकडा कुठून आला, हे सगळं सिरीजसोबत दिलेलं असते आणि मला ही या ॲपची सगळ्यात इमानदार गोष्ट वाटते.

आता कापसाकडं येते, कारण आमच्या घरात डॉलरची चर्चा तिथूनच सुरू होते. 2024 च्या डिसेंबरात रुपया पहिल्यांदा 85 च्या पलीकडं गेला तेव्हा बाबांनी मला विचारलं, "डालर चढला म्हनते टीव्हीवर, मंग आपल्या कापसाले भाव काऊन नाही?" प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पुस्तकात असंच लिहिलेलं असते नं, रुपया पडला की निर्यात करणाऱ्याचा फायदा, मग सूत आणि गाठी बाहेर जातात, जिनिंगवाल्याला जास्त रुपये मिळतात आणि त्यातले थोडे तरी कास्तकारापर्यंत यायला पाहिजे. पण त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याच्या खालीच भाव चालला होता, लोकं सीसीआयच्या म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाड्या लावून बसले होते.

मी बाबांना कागदावर हिशोब करून दाखवला. मे 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पाउंडाला 150 सेंटच्या वर गेली होती आणि डॉलर होता 77 रुपयांच्या आसपास, म्हणजे एका पाउंडाचे साधारण 115 रुपये. डिसेंबर 2024 मध्ये तीच रुई 70 सेंटच्या आसपास आणि डॉलर 85, म्हणजे पाउंडाचे साठ रुपये पण पुरे नाहीत. डॉलर चढला दहा टक्के आणि रुई पडली अर्ध्यावर, तर चढलेला डॉलर कुठं दिसणार आहे. (डॉलरचा भाव ॲपमधून घेतला, रुईचा भाव जुन्या बातम्यांमधून.) बाबा म्हणाले, "म्हंजे डालर वाढला नसता तं अजून कमी भेटले असते?" बरोबर! तेच तर. आणि पुढची गोष्ट अजून महत्त्वाची आहे की डॉलर चढणं आणि रुई पडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी नाहीत. अमेरिकेच्या फेडनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, मार्च 2022 मध्ये जवळपास शून्यावर असलेलं व्याज जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेलं. त्यानं डॉलर महाग झाला, डॉलर महाग झाला की डॉलरमध्ये विकल्या जाणाऱ्या मालाची जगभरातली मागणी ढिली पडते, साठा करून ठेवणाऱ्याला कर्ज महाग पडते, मग तो माल सोडून देतो. चीनची मागणी, ब्राझीलचं पीक, हे सगळं वेगळं आहेच, भाव पडायला एकच कारण नसते. पण यातलं किती फेडमुळं, किती पिकामुळं, किती मागणीमुळं, हे वेगवेगळं काढून दाखवणं यालाच तर रिसर्च म्हणतात.

इथं दोन अर्थशास्त्रज्ञ बायांची नावं घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. एक गीता गोपीनाथ, शिक्षण दिल्लीतून, पुढं हार्वर्डमध्ये प्रोफेसर आणि नंतर नाणेनिधीत मुख्य अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी 2015 मध्ये दाखवलं की भारताच्या आयातीतलं 86 टक्के बिल डॉलरमध्ये होते, आणि अमेरिकेतून येणारी आयात मात्र फक्त 5 टक्के. म्हणजे आपण माल घेतो कोणाकडून पण, पैसे मोजतो डॉलरमध्ये. दुसऱ्या एलेन रे, फ्रान्सच्या. त्यांनी 2013 मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलला भरणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत मांडलं की जगभरचा पैसा एका लाटेत वर-खाली होते आणि ती लाट बरीचशी अमेरिकेच्या व्याजानं ठरते, देशानं आपलं चलन मोकळं सोडलं तरी त्यातून सुटका होत नाही. आमच्या एमएच्या पुस्तकात मंडेल-फ्लेमिंगचा त्रिकोण होता, म्हणजे चलनाचा स्थिर भाव, पैशाची मोकळी ये-जा आणि आपलं व्याज आपण ठरवणं, या तीनपैकी दोनच गोष्टी मिळतील, रे म्हणतात तिथं खरा पर्याय दोनातूनच आहे, पैसा मोकळा ठेवायचा की आपलं व्याज आपण ठरवायचं. यावर वाद आहेत आणि असायलाच पाहिजे, पण वाद समजायला आधी आकडे पाहावे लागतात आणि तिथं हे ॲप कामी येते.

2013 चंच घ्या. 22 मे ला फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के नुसतं बोलले की बॉन्ड खरेदी हळूहळू कमी करू, अजून काही केलं पण नव्हतं, तरी 55-56 चा डॉलर 28 ऑगस्टला 68 च्या वर जाऊन आला. मग सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले, परदेशातल्या भारतीयांच्या ठेवींसाठी आणि बँकांच्या परदेशातल्या कर्जासाठी बँकांना स्वस्त स्वॅपची सोय दिली (आता डॉलर देऊन रुपये घ्यायचे आणि पुढं ठरलेल्या भावानं डॉलर परत घ्यायचे) आणि त्या सगळ्या सोयीतून साधारण 34 अब्ज डॉलर आले. रोजच्या डॉलर-रुपयाच्या सिरीजवर मे ते डिसेंबर 2013 एवढाच तुकडा लावा, चढाव आणि उतार दोन्ही दिसतील, मग राजन यांची त्या वेळची भाषणं वाचा, रिझर्व्ह बँकेच्या साईटवर फुकट आहेत. माझ्या मते एक अख्खा चॅप्टर यातच होऊन जाते.

ॲपमध्ये सार्क फायनान्स म्हणून एक भाग आहे, शेजारच्या देशांचा डेटा. बहुतेक लोकं तो उघडत पण नसतील, पण या विषयाच्या पोरांनी नक्की उघडा. श्रीलंकेनं एप्रिल 2022 मध्ये बाहेरचं कर्ज फेडणं थांबवलं, त्याच्या आधी जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं त्यांना 40 कोटी डॉलरचा स्वॅप दिला होता सार्कच्याच व्यवस्थेतून. एका देशाचा साठा आटत जातो तेव्हा तो कसा दिसतो ते शेजाऱ्याच्या आकड्यात पाहा आणि मग आपलं 1991 आठवा, जेव्हा आपल्याजवळ जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते आणि 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवायची पाळी आली होती. आज तीच रिझर्व्ह बँक जवळपास 880 टन सोनं बाळगून आहे. ही चढण कशी झाली हे सांगू शकणारा माणूस म्हणजे सेंट्रल बँकेचा इकॉनॉमिस्ट.

आता तुलना, कारण रिव्ह्यू म्हटलं की लोकं विचारतातच की क्लास लावू की नको. एका ऑनलाईन क्लासचा कोर्स माझ्याजवळ आहे, नाव लिहीत नाही. फी एवढी की आमच्याकडं तेवढ्यात एक एकराचं बियाणं, खत आणि निंदण निघून जाते. मायक्रो ठीक शिकवलं, सांख्यिकी पण बरी, पण ओपन इकॉनॉमी, म्हणजे बाहेरच्या देशांशी व्यापार आणि पैशाचा भाग, पूर्ण एका लेक्चरमध्ये उरकली, "ये वाला ग्राफ याद कर लो" म्हणत. बॅलन्स ऑफ पेमेंटच्या (देशाच्या बाहेरच्या देण्याघेण्याच्या हिशोबाच्या) पीडीएफमध्ये आकडे तीन वर्षं जुने, विचारलं तर म्हणे प्रश्न असे येतच नाहीत. पण मुलाखतीत समोर जी माणसं बसतील ती तर हेच काम करत आयुष्य घालवलेली असतील नं, त्यांना पाठ केलेल्या ग्राफचं काय करायचं? मला वाटते या क्लासवाल्यांचं गणित परीक्षा संपेपर्यंतच चालते आणि नोकरीचं गणित तिथून सुरू होते. आमच्या भागातल्या पोरांची ही मोठी लूट आहे, मायबाप कर्ज काढून फी भरतात, म्हणून मी एवढं तिखट लिहितेय.

याच्या उलट फुकटातलं साहित्य पाहा. आरबीआयडेटा ॲप, सोबत रिझर्व्ह बँकेचं मासिक बुलेटिन, त्यातला अर्थव्यवस्थेच्या स्थितीवरचा लेख, जो डीईपीआरचीच माणसं लिहितात, नावासकट. जून आणि डिसेंबरचा फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट. आणि नाणेनिधीचे एडएक्सवरचे कोर्स, फायनान्शियल प्रोग्रामिंग अँड पॉलिसीज नावाचा पहिला करा, त्यात खरी अर्थव्यवस्था, सरकारचं खातं, बँकांचं खातं आणि बाहेरचं खातं हे चारही एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते एक्सेलवर करून घेतात. तिथं शिकायचं आणि ॲपमधले आपल्या देशाचे आकडे त्यात भरून पाहायचं, ही माझी पद्धत आहे. रात्री घरातलं काम आटोपलं की गच्चीवर जाते, तिथं रेंज चांगली येते, लागतील त्या सिरीज उतरवून घेते, मग दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग असो की नेट नसो, काम अडत नाही.

अर्धा स्टार कशासाठी कापला? ॲप आकडा देते, आकड्याचा अर्थ सांगत नाही. रीरचं उदाहरण घ्या, म्हणजे रुपयाचा 40 देशांच्या चलनांशी व्यापाराच्या वजनानं आणि महागाई धरून काढलेला निर्देशांक, 2015-16 म्हणजे 100. नोव्हेंबर 2024 मध्ये तो 108 च्या वर होता. डॉलरसमोर रुपया रोज नवा नीचांक गाठत होता आणि हा निर्देशांक सांगत होता की रुपया महाग आहे! नवीन पोरानं हे पाहिलं तर तो चक्रावून जाईल. उत्तर असं की बाकीच्या देशांची चलनं डॉलरसमोर आपल्यापेक्षा जास्त पडली होती आणि आपली महागाई त्यांच्यापेक्षा जास्त होती, त्यामुळं त्यांच्या तुलनेत आपण महागच झालो, आपलं सूत बाहेर महाग आणि बाहेरची रुई इथं स्वस्त. पुढं ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढलं आणि 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं, तेव्हा आमच्या बाजार समितीत जी अस्वस्थता होती ती या निर्देशांकासोबत ठेवून वाचावी लागते. हे जोडकाम ज्याचं त्यालाच करावं लागते, प्रत्येक सिरीजखाली चार ओळी मराठीत असत्या तर आमच्या कॉलेजातल्या पोरींना केवढी मदत झाली असती.

घरच्यांसाठी पण एक सोय आहे, आपल्या 20 किलोमीटरच्या आतली बँकेची ठिकाणं ॲप दाखवते. माझ्या आईनं ॲपमधली तेवढीच एक गोष्ट पाहिली आणि तिच्यासाठी ती पुरेशी आहे.

लोकं विचारतात की यात पुढं काय, म्हणून करिअरचं एकच उदाहरण देते. मायकल देबब्रत पात्रा 1985 मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, आयआयटी मुंबईतून पीएचडी, हार्वर्डमध्ये फायनान्शियल स्टॅबिलिटीवर संशोधन, पतधोरण समितीचे सदस्य, आणि जानेवारी 2020 ते जानेवारी 2025 डेप्युटी गव्हर्नर. सगळं आयुष्य एका संस्थेत, एका कामात. आणि आपल्या मराठी माणसाचं नाव घ्यायचं तर सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1944 मध्ये ब्रेटन वूड्सला नाणेनिधी जन्माला येत होती तेव्हा भारताकडून तिथं बसलेले. ते कोकणातले होते. विदर्भातून, जिथला कापूस दीडशे वर्षांपासून परदेशी बाजाराच्या भावावर चढतो-उतरतो, तिथून या कामात माणसं जायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटते. नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, आमची एसटी तिकडूनच जाते, पण शाळेत कोणी सांगितलं नाही की आत इकॉनॉमिस्ट पण लागतात.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी 11 हजार सिरीज पाहून घाबरू नका. आधी डॉलर-रुपया, मग साप्ताहिक फॉरेक्स रिझर्व्ह, मग डॉलरची खरेदी-विक्री, मग रीर, या क्रमानं जा आणि प्रत्येकात 2013 आणि 2022 ही दोन वर्षं आधी पाहा. एका वहीत तारीख, आकडा, युनिट आणि आपल्याला काय वाटते ते मराठीत लिहा, इंग्लिश उत्तरं नंतर जमतात. शुक्रवारी संध्याकाळी नवीन साठा येतो, तो पाहून मागच्या आठवड्याशी फरक काढा आणि त्यातला किती मूल्यांकनाचा असेल याचा अंदाज लिहून ठेवा, मग बुलेटिनमध्ये डॉलर विक्रीचा आकडा आला की तो अंदाज तपासा.